डायलिसिसच्या रुग्णांनो, डोळ्याचे प्रेशरही सांभाळा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



समितीने आम्हाला आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले, त्याबद्दल आभारी आहोत. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही परिचारिका. एका मोठ्या रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात आमची उमेदीची वर्षे गेली. आज बोलताना आम्ही 'आम्ही' म्हणतो, त्यात त्या विभागातल्या सगळ्या सिस्टर आल्या असे समजा. कारण जी चूक आज सांगणार आहोत ती एकीची नव्हती, सगळ्यांची होती.

आमचा विषय आहे काचबिंदू आणि डायलिसिस. विषय ऐकून तुम्ही म्हणाल, "किडनीचं यंत्र हाताला लावतात, त्याचा डोळ्याशी काय संबंध?" खरं सांगतो, हाच प्रश्न आम्हालाही पडला होता. आणि त्याचे उत्तर कळेपर्यंत एका माणसाचा एक डोळा गेला होता.

गोष्ट २०१४ सालची. आमच्याकडे एक काका यायचे. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे. मधुमेह होता, रक्तदाब होता, त्यातून किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीन वेळा पहाटेच्या पाळीला यायचे. त्यांना काचबिंदू होता, डोळ्यात थेंब चालू होते. पण ती फाइल वरच्या मजल्यावर, नेत्रविभागात. आमच्या फाइलमध्ये युरिया, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, वजन, सगळे होते. डोळ्याबद्दल एक ओळ नव्हती.

काका म्हणायचे, "सिस्टर, तिसरा तास लागला की हा उजवा डोळा कुणीतरी आतून अंगठ्यानं दाबतंय असं वाटतं. अर्धं डोकं दुखतं."

आम्ही काय करायचो? पॅरासिटामॉलची गोळी द्यायचो. डायलिसिस चालू असताना डोके दुखणे ही आमच्याकडे रोजची तक्रार. दहांतल्या दोघा-तिघांचे दुखायचेच. कधी काका म्हणायचे, "ट्यूबलाइटभोवती कडं दिसतंय, रंगीत." आम्ही म्हणायचो, "बीपी उतरलं असेल काका, डोळे मिटून पडा." आणि काका बिचारे डोळे मिटून पडायचे.

नेत्रविभागाची तारीख असायची ती डायलिसिस नसलेल्या दिवशी. तिथे डोळ्याचे प्रेशर मोजायचे. सतरा, अठरा, फार तर एकोणीस. डॉक्टर म्हणायचे, "प्रेशर कंट्रोलमध्ये आहे, थेंब चालू ठेवा." त्यांचेही चुकले असे म्हणता येत नाही; त्यांच्यासमोर जो आकडा होता तो चांगलाच होता. पण नजर मात्र महिन्यामहिन्याला कमी होत होती. सगळे म्हणायचे, मधुमेहामुळे असेल.

सहा-सात महिने असे गेले. मग एक दिवस काकू आमच्यासमोर उभ्या राहिल्या. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, यांचं दुखतं मशीनवर असताना, आणि तुम्ही लोक मोजता घरून चालत आल्यावर. मशीनवर असतानाच का नाही मोजत?"

आम्ही गप्प झालो. एवढे शिकलेले लोक आम्ही, आमच्या कोणाच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. आमच्या निवासी डॉक्टरांनी वर फोन केला. नेत्रविभागाचे डॉक्टर हातात धरून मोजायचे छोटे यंत्र घेऊन खाली आले. मशीन सुरू करण्याआधी उजव्या डोळ्याचे प्रेशर होते अठरा. तिसऱ्या तासाला मोजले तर छत्तीस. दुप्पट! दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले तर परत अठरा.

म्हणजे आठवड्यातून तीन वेळा, आमच्या डोळ्यांदेखत, त्या डोळ्यावर हा मार पडत होता, आणि आम्ही शेजारी उभे राहून गोळी देत होतो. फील्डची तपासणी झाली तेव्हा उजव्या डोळ्याची बाजूची नजर जवळजवळ संपलेली होती. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन केले की दिसायला लागते, तसे काचबिंदूचे नाही. हा फरक आधी मनात पक्का करा.

आता हे असे का होते ते साध्या भाषेत सांगतो.

आपल्या डोळ्यात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असते. अश्रू वेगळे, हे आतले पाणी. ते बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून निचरून रक्तात जाते. जेवढे तयार होते तेवढे निचरले की डोळ्यातला दाब ठीक राहतो. साधारणपणे १० ते २१ हा आकडा नेहमीचा धरतात, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, जसे ब्लडप्रेशर मोजतात तसेच. बऱ्याच काचबिंदूत ही जाळी नीट काम करत नाही किंवा तिच्याकडे जायची वाट अरुंद होते. मोरीच्या जाळीत केस अडकल्यावर कसे होते? तांब्याभर पाणी हळूहळू जाते, पण कोणी एकदम बादली ओतली तर मोरी तुंबते. डोळा तुंबला की मागची नस दाबली जाते. ती नस म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी तार.

ही बादली डायलिसिसमध्ये कशी ओतली जाते ते पाहा. चांगली किडनी दिवसरात्र चोवीस तास हळूहळू रक्त साफ करते. मशीनला तेच दोन-तीन दिवसांचे काम चार तासांत उरकायचे असते. रक्तातला युरिया भराभर खाली येतो. पण डोळ्याच्या आतला युरिया तेवढ्या वेगाने बाहेर येऊ शकत नाही, कारण रक्त आणि डोळा यांच्यामध्ये निसर्गाने एक पडदा ठेवलेला आहे. मग काही तास असे होते की रक्त पातळ आणि डोळ्याच्या आतले पाणी दाट. मनुका पाण्यात टाकली की काय होते? बाहेरचे पाणी आत शिरते आणि मनुका टम्म फुगते. तसेच रक्तातले पाणी डोळ्यात ओढले जाते. जाळी मोकळी असेल तर हे जास्तीचे पाणी निघून जाते, माणसाला पत्ताही लागत नाही. जाळी तुंबलेली असेल तर दाब चढतो. मेंदूतही असेच पाणी शिरते, म्हणून डायलिसिसमध्ये डोके दुखते. दोन्ही दुखणी एकाच वेळी, एकाच कारणाने. त्यामुळे डोळ्याचे दुखणे डोक्याच्या दुखण्यात लपून जाते.

हे ज्ञान काही नवे नाही. अमेरिकेत सितप्रिजा आणि होम्स या डॉक्टरांनी १९६२ सालीच डायलिसिस चालू असताना डोळ्यातला दाब कसा बदलतो ते लिहून ठेवले होते. आम्ही २०१४ मध्ये अडखळलो तेव्हा त्याला पन्नास वर्षे उलटून गेली होती.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. घाबरून कोणीही डायलिसिस बंद करू नका, एक वारही चुकवू नका. डायलिसिस बंद केले तर जीव जातो. आणि सगळ्यांना हा त्रास होतो असेही नाही. पुढच्या काळात जे अभ्यास झाले त्यांत कुठे दाब वाढलेला आढळला, कुठे आहे तसाच राहिला, तर कुठे उलट कमी झाला. कारण मशीन अंगातले जास्तीचे पाणीही काढते, त्याने डोळ्यातला दाब उतरायला मदत होते. दोन्हीकडून ओढाताण चालते. ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांनी काळजी करण्याचे कारण नाही. धोका आहे तो काचबिंदू असलेल्यांना, डोळ्याचा कोन अरुंद असलेल्यांना, आणि मधुमेहामुळे डोळ्यात नको तिथे बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्यांना. आता विचार करा, किडनी कशामुळे जाते? बहुतेक वेळा मधुमेह आणि रक्तदाब यांमुळेच. म्हणजे एकच रोग वरच्या मजल्यावरही गिऱ्हाईक पाठवतो आणि खालच्या मजल्यावरही.

आणखी एक बाजू आहे. डायलिसिसमध्ये पुष्कळांचे बीपी एकदम उतरते. बीपी उतरले की डोळ्याच्या नसेला रक्त कमी पोहोचते. म्हणजे आतून दाब वाढलेला आणि बाहेरून पुरवठा कमी. नसेला दोन्हीकडून मार.

काकांचे पुढे काय झाले? दोन्ही विभागांचे डॉक्टर एका टेबलाशी बसले. मशीनचा वेग कमी केला, चार तासांचे पाच तास केले. मशीनच्या द्रावणातले मिठाचे प्रमाण बदलले. सुरुवातीला काही वेळा डायलिसिस चालू असतानाच मॅनिटॉल दिले, त्याने पाणी डोळ्यात शिरायचे थांबते. पण हे औषध डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचे असते. ज्याला लघवीच होत नाही त्याच्या अंगात ते साठून राहते आणि छातीत पाणी होऊ शकते. मशीन चालू असताना ते बाहेर काढता येते. नंतर काकांच्या डोळ्याचे ऑपरेशन करून पाण्याला दुसरी वाट करून दिली. दुखणे थांबले. डावा डोळा वाचला. उजवा परत आला नाही. काका आम्हाला कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच आम्हाला जास्त लागले.

आता दुसरी गोष्ट, औषधांची. ही लहान आहे पण जिवावरची आहे.

एक मावशी डायलिसिसला आल्या त्या झोपेत असल्यासारख्या. बोलणे असंबद्ध, श्वास जोरजोरात. मुलगी म्हणाली, "तीन दिवसांपासून अशीच करते. जेवण सोडलंय." काही नवीन औषध चालू केले का विचारले, तेव्हा तिने पिशवीतून पाकीट काढले. असेटाझोलामाइड, म्हणजे बाजारात डायमॉक्स नावाने मिळते ती गोळी. डोळ्याचे प्रेशर उतरवायला ही गोळी चांगली आहे, पण ती शरीरातून बाहेर पडते किडनीतून. किडनीच नाही तर ती अंगात साठते, रक्तात आम्ल वाढवते, माणूस गुंगतो, बेशुद्धही पडू शकतो. मुलीला विचारले, "डोळ्याच्या डॉक्टरांना डायलिसिसचं सांगितलं होतं का?" ती म्हणाली, "त्यांनी शुगर आहे का विचारलं. मी हो म्हटलं. मागं रांग होती. डायलिसिसचं त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. डोळ्याच्या गोळीचा किडनीशी काय संबंध, मला वाटलं."

गोळी बंद केली, डायलिसिस झाले, मावशी शुद्धीवर आल्या. नशीब चांगले. पण दर वेळी नशिबावर सोडायचे का?

थेंबांचेही तसेच आहे. थेंब डोळ्यात टाकला तरी त्यातला काही भाग नाकातून रक्तात उतरतो. टिमोलॉलच्या थेंबाने नाडी मंद होऊ शकते, दम्याच्या माणसाला धाप लागू शकते. डॉर्झोलामाइडचा थेंब किडनी फार बिघडलेल्यांना सहसा देत नाहीत. म्हणून थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, म्हणजे औषध डोळ्यातच राहते. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. आणि शेजारणीला लागू पडले म्हणून तिचे थेंब आणू नयेत. मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी काही जणांचे डोळ्याचे प्रेशर चढते. किडनी बदलल्यानंतर स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांनीही चढते. तेव्हा किडनी बदलली म्हणून डोळ्याची तपासणी संपली असे नाही.

आता आमचे मागणे सांगतो. पाच गोष्टी आहेत, घरी जाऊन लिहून ठेवा.

पहिली गोष्ट. घरात कोणाला डायलिसिस सुरू होणार असेल किंवा चालू असेल, तर एकदा डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्या. नुसता चष्म्याचा नंबर नव्हे. डोळ्याचे प्रेशर, डोळ्याचा कोन आणि मागची नस, तिन्ही बघा म्हणून सांगा.

दुसरी गोष्ट. दोन्ही फायली एका पिशवीत ठेवा. डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलात की ते विचारोत न विचारोत, पहिले वाक्य हेच बोला, "साहेब, हे डायलिसिसवर आहेत." आणि डायलिसिसच्या सिस्टरला सांगा, "यांना काचबिंदू आहे, हे थेंब चालू आहेत." सगळ्या औषधांची यादी एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. रांग मोठी असली तरी हे एक वाक्य बोलायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट. मशीनवर असताना डोळा दुखला, नजर धूसर झाली, दिव्याभोवती कडे दिसले, डोळा लाल झाला, तर सहन करत पडून राहू नका. "डोकं दुखतं" एवढेच म्हणू नका; कुठला डोळा, किती वाजता, किती वेळ, ते सांगा. आणि डॉक्टरांना विनंती करा की मशीनवर असतानाच प्रेशर मोजा. मशीन लावण्याआधी एकदा आणि शेवटच्या तासात एकदा. हातात धरायचे यंत्र आता पुष्कळ नेत्रविभागांत असते. दुखत नसले तरी काचबिंदूच्या रुग्णाने एकदा तरी असे मोजून घ्यावे, कारण बऱ्याच काचबिंदूंत दुखतच नाही.

चौथी गोष्ट. सकाळच्या पाळीला जायच्या गडबडीत थेंब विसरू नका. काका पहाटे पाचला घर सोडायचे आणि त्या दिवशीचे थेंब राहून जायचे, हे आम्हाला नंतर कळले. म्हणजे ज्या दिवशी सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी डोळा उघडा पडायचा. तसेच वार चुकवला की युरिया जास्त साठतो, पुढच्या वेळी तो जास्त झपाट्याने उतरतो आणि डोळ्यात पाणीही जास्त ओढले जाते. पाण्याचे पथ्य पाळा. दोन वारांच्या मध्ये वजन जितके कमी वाढेल तितके मशीनला हळू काम करता येते आणि बीपीही कमी उतरते. बीपीची गोळी डायलिसिसच्या सकाळी घ्यायची की नंतर, हे आपल्या डॉक्टरांना विचारा, स्वतः ठरवू नका.

पाचवी गोष्ट. डोळ्याचे ऑपरेशन किंवा लेसर ठरले तर डायलिसिसच्या डॉक्टरांना आधी कळवा. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, त्याचा विचार ऑपरेशनच्या वेळी करावा लागतो. साधारणपणे डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीची तारीख बरी पडते. आणि नेत्रविभागात सुई टोचायला किंवा बीपी मोजायला फिस्टुलाचा हात पुढे करू नका. तिथल्या लोकांना ठाऊक नसते, तुम्हीच सांगायला हवे.

ज्यांच्या घरात डायलिसिस नाही त्यांच्यासाठीही एक शब्द. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार आपल्या देशात चाळिशीवरच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता, आणि यातल्या बहुतेकांना ते ठाऊकच नसते. हा रोग घराण्यात चालतो. आईवडिलांना, भावाबहिणीला असेल तर चाळिशीनंतर आपले डोळे तपासून घ्या. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा आणि लघवीतले प्रथिन तपासा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने खाऊ नका, त्या किडनीला घातक आहेत.

पैशांचा प्रश्न निघतोच. २०१६ पासून केंद्र सरकारचा डायलिसिस कार्यक्रम आहे, त्यातून जिल्हा रुग्णालयांत गरीब कुटुंबांना मोफत डायलिसिस मिळते. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. लाजू नका, तो आपला हक्क आहे.

दर वर्षी मार्च महिन्यात, दुसऱ्या गुरुवारी, जागतिक मूत्रपिंड दिन असतो. त्याच मार्चमध्ये जागतिक काचबिंदू सप्ताहही असतो. आमच्या रुग्णालयात दोन्ही पोस्टर लागायची, एक खालच्या मजल्यावर, एक वरच्या. किडनीच्या पोस्टरवर डोळा नसायचा, डोळ्याच्या पोस्टरवर किडनी नसायची. दोन्ही मजले चढणारा-उतरणारा माणूस मात्र एकच होता, आणि त्याच्या सोबत जिना चढणाऱ्या होत्या काकू. म्हणून ज्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच शोधावेसे वाटले नाही, तो प्रश्न त्यांनी विचारला.

महिला मंडळाच्या भगिनींना आमची हात जोडून विनंती आहे. आपल्या वस्तीत जे कोणी डायलिसिसला जातात त्यांच्या घरी एकदा जा आणि दोनच प्रश्न विचारा. डोळे कधी तपासले? आणि डोळ्याच्या डॉक्टरांना डायलिसिसचे सांगितले का? ज्यांच्यासोबत जायला घरात कोणी नाही, त्यांच्यासोबत आपल्यातल्या एकीने जावे. आम्ही आता निवृत्त आहोत, वेळ आहे; पहिले नाव आमचे लिहून घ्या.

डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. काकूंनी तो सहा महिने आधी विचारला असता, किंवा खरे म्हणजे आम्ही स्वतःला विचारला असता, तर काकांचे दोन्ही डोळे राहिले असते. तुमच्या घरी ही वेळ येऊ नये एवढ्यासाठीच आज इथे उभे राहिलो.